कोरड्या चॉपस्टिक्स

थोंगयोंग, ९ नोव्हेंबर

कीह्वानदादा,

अक्षराला हसू नकोस, शाळेत असताना याहून वाईट होतं. तुमच्या छावणीत थंडी पडली असेल. इथे बाजारात कालवं आलीत, पण आपलं दुकान बंद आहे.

आईने तुला कळवलं की अप्पांच्या हाताला जरा मुंग्या येतात. जरा नाही रे. उजवा हात दोन आठवडे नुसता लोंबतोय, आता कुठे बोटं जराशी वळतात. मासे कापायची सुरी आईने फडक्यात गुंडाळून वर ठेवलीय.

डॉक्टर म्हणतात, हात धडधाकट आहे, नसाही शाबूत आहेत. मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली, त्यामुळे हुकूमच धड सुटत नाही. तुमचा साहेब आडवा झाला की पलटण कशी बंदुका घेऊन नुसती उभी राहील, तसं. अप्पा पेल्याकडे बघत बसतात, पेला जागचा हलत नाही. मला त्या साहेबाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तो बसलाय अप्पांच्याच डोक्यात. चिडायचं कुणावर?

त्या दिवसाचं लिहायला घेतलं आणि दोन कागद फाडले.

दुपारी एक वाजता अप्पा म्हणाले, हात बधिर झालाय. आईने ठरवलं, अपचन. आपल्याकडे काहीही झालं तरी अपचनच. अंगठ्याला दोरा करकचून बांधला, सुई टोचली, काळं रक्त काढलं. एरवी सुई नुसती दिसली तरी अप्पा अख्खा बाजार गोळा करतात. त्या दिवशी हूं की चूं नाही. आई खूश, की माणूस सुधारला. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं, आणि आम्ही पळालो.

दवाखान्यात पोचेपर्यंत दोन वाजले. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? आई म्हणाली, एक वाजता. नर्स इंजेक्शन आणायला वळली.

मी म्हणालो, “सकाळी आठ वाजता.”

आई डॉक्टरांना म्हणाली, “याचं ऐकू नका साहेब, याला कायम थट्टा सुचते.”

दादा, त्या सकाळी मी अप्पांच्या चॉपस्टिक्सना तिळाचं तेल चोळलं होतं. न्याहारीला त्यांच्या चॉपस्टिक्समधून मुळा दोनदा निसटला. मी पोट धरून हसलो. मग चॉपस्टिक्सच खाली पडल्या. मी वाकून उचलल्या, तर कोरड्या. तेल मी चुकून माझ्याच जोडीला लावलं होतं. त्यांच्या हातालाच काहीतरी झालंय, हे मला तेव्हाच कळलं होतं रे. तरी हसत राहिलो, मजा मोडायला नको म्हणून.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दिलं असतं तर कदाचित जिवावर बेतलं असतं. आई एवढंच म्हणाली, “तुला खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला?” तेव्हापासून माझ्या पुढ्यात भाताची वाटी आदळते.

हाताच्या व्यायामासाठी अप्पांना रोज काळे सोयाबीन चॉपस्टिक्सने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे असतात. काल एकही दाणा उचलला जाईना. सगळं सांडलं. मला वाटलं, आता वाटी भिरकावतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, “बोंग्या, तेल लावलंस ना?”

मोरीपाशी भांडी घासणाऱ्या आईचा हात थांबला.

मी म्हणालो, “हो अप्पा. भरपूर.”

त्यांनी चॉपस्टिक्स पुन्हा उचलायला घेतल्या.

सुट्टी मिळाली की ये. अप्पांनी तुला विचारलं, तर तूही तेलच सांग.

तुझा, एकदाच वेळ चुकवून खरं बोललेला,
बोंग्यू