जेवणघराचे तीनशे अकरा

प्रिय मोजपट्टी,

दोन वर्षांनी तुझी मेल आली आणि तीही दोन ओळींची. नव्या ऑफिसात प्रकाशाच्या सिम्युलेशनसाठी मशीन घ्यायचंय, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि कितवी आवृत्ती टाकू, एवढंच. ‘बाबा, कसे आहात’ नाही, ‘आई कशी आहे’ नाही. (आईशी तू रोज बोलतेस हे मला ठाऊक आहे. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत नाही असं फक्त दाखवतो.) तरी ती मेल वाचून मी अर्धा दिवस खुशीत होतो. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण याच प्रश्नात मी महिनाभर डोकं घालून बसलो होतो, तेव्हा पाल्हाळ सोसून घे. अक्षर इतकं मोठं का आलंय, तेही पुढे कळेल.

आपली पद्धत तुला आठवत असेल. मशीनवर काहीही बदललं, सिस्टिम असो की सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकाच्या कामाला हात लावण्याआधी आपलं जेवणघर चालवून बघायचं. बारा वर्षांची असताना तू टेप घेऊन त्या खोलीचा कोपरा न् कोपरा मोजला होतास. भिंत किती उजेड परत फेकते, तेही माझ्या मानगुटीवर बसून काढायला लावलंस. मग तीच खोली आपण संगणकात जशीच्या तशी बांधली. एक टेबल, वर एक दिवा, टेबलाच्या मधोमध तीनशे अकरा लक्स उजेड. खऱ्या टेबलावर मीटर ठेवलं तर तीनशे नऊ! तू दोन्ही आकडे कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीनं लिहिलेस आणि घरभर नाचलीस. त्यानंतर दोनदा रंगकाम झालं. भिंतींचा रंग मी तोच ठेवला आणि रंगाऱ्याला कपाटाचं दार सोडून द्यायला सांगितलं.

यंदा एका वाचनालयाचं काम आलं. शंभर वाचकांचा मोठा कक्ष. मी नुकतीच हौसेनं सिस्टिमची नवीकोरी आवृत्ती टाकली होती आणि, सांगायला लाज वाटते, जेवणघर चालवायचा कंटाळा केला. कक्षाचं चित्र तयार झालं, तर पडद्यावर नुसती संध्याकाळ. आकडे म्हणत होते भरपूर उजेड आहे, चित्र मला अंधारं दिसत होतं. झालं, माझा सगळा राग नव्या आवृत्तीवर. जुनी परत टाकली, तरी तेच. मग म्हटलं ही सिस्टिमच नको, आणि लिनक्स आणलं. ते बसवताना माझ्याच हातून दोनदा सगळं पुसलं गेलं आणि प्रिंटर आठवडाभर रुसून बसला. त्यावरही चित्र काळोखंच. आपला आरेखक बिचारा मागून म्हणाला, साहेब, मला तर छान दिसतंय. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

शेवटी नाक मुठीत धरून जेवणघर चालवलं, नवी, जुनी आणि लिनक्स, तिन्हींवर. तीनशे अकरा, तीनशे अकरा, तीनशे अकरा. माझा त्यावरही विश्वास बसेना, म्हणून संध्याकाळी खऱ्या टेबलावर मीटर ठेवलं. तीनशे दहा. मीटरच्या शेजारी सकाळचा पेपर पडला होता आणि मला मथळ्याखालचं अक्षर लागेना. समोर तुझी आई त्याच दिव्याखाली सुईत दोरा ओवत होती, पहिल्याच फटक्यात. मी बघत राहिलो तसं म्हणाली, आता तरी डॉक्टरांकडे चला, सहा महिने घसा कोरडा करतेय.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नजरेचा नकाशा काढून दाखवला. कडेनं बराचसा काळा होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. गेली तीन-चार वर्षं तरी हे चालू असणार, असंही म्हणाल्या. मी तिथल्या तिथे वर्षं मोजली. शिवणकामाच्या त्या कारखान्याचं काम दोन वर्षांपूर्वीचं. तू हिशेबानं चाळीस दिवे काढले होतेस, मी चित्र बघून म्हटलं अंधार आहे, आणखी बारा लावा. तू म्हणालीस, बाबा, आकडा बरोबर आहे. त्यावर मालकासमोर मी तुला काय म्हणालो, ते तू विसरली नसशील. डोळे तपासून घे, म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तू ऑफिसात आली नाहीस. परवा तिथला वायरमन भेटला. शिवणाऱ्या बायकांनी डोळे दिपतात म्हणून काही दिव्यांना खाकी कागद चिकटवलाय. किती दिव्यांना ते मी विचारलं. बारा. पोरी, तुझा आकडा बरोबर होता, आणि डोळे तपासायला हवे होते ते माझे. मला फार वाईट वाटतं. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

तर उत्तर असं. लिनक्स टाक. नवीकोरी आवृत्ती नको. पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतील अशी, बाजारात येऊन वर्ष झालेली, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या पानावर जिचं नाव दिलंय तीच घे. जेवणघराची फाइल पेनड्राइव्हवर पाकिटात घातली आहे. पण एवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही. वाचनालयातले दिवे बसवून झालेत आणि येत्या शुक्रवारी उजेड पुरेसा असल्याच्या दाखल्यावर सही करायची आहे. परवा मी तिथे उभा राहिलो, तर मला आणखी वीस दिवे लावावेसे वाटले, म्हणून सही न करताच परत आलो. तू ये. कोपऱ्यातल्या टेबलाशी एखादं पुस्तक उघडून बस आणि नीट दिसतंय का ते मला सांग. या वेळी तू म्हणशील तेवढेच दिवे.

तुझाच हेकट,
बाबा