सहावे बोट न पुसण्याबाबत

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
दर्यातीर कला प्रदर्शन, वसई (प.)

विषय : चित्र क्र. ४७ मधील सहावे बोट आहे तसे राहू देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या खिडकीवरील तोंडी सूचना : "एक बोट पुसून आणा, मग बघू."

महोदय,

अर्जदार शांताराम आयरे हे सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक असून आपला जिना चढण्याची त्यांची ही चौथी खेप आहे. गुडघे आणि शब्द दोन्ही थकले आहेत, म्हणून हकिगत शेवटची मांडतात.

१. पाचूबंदरच्या ग्रेसीबाई, वय ६८, मासळी विकतात. त्यांच्या लहानपणीचे शिडाच्या होड्यांचे बंदर आणि त्यापुढे बसलेल्या बाई अर्जदारास रंगवायच्या होत्या. फोटो कोणाकडेच नाही. म्हणून बाईंनी सांगितले तसे एआयला सांगून होड्या, पाणी व आभाळ काढून घेतले, कॅनव्हासवर छापले आणि वर हलकासा तैलरंग दिला. आपल्या 'एआय व तैलरंग' विभागात हे चालते.

२. बाईंच्या डाव्या हाताला जन्मतः सहा बोटे आहेत. हे एआयला समजावताना अर्जदाराच्या तोंडाला फेस आला. एरवी न मागता सहा बोटे काढणारे ते यंत्र, मागितल्यावर पाचावर अडून बसले. शेवटी बाईंना समोर बसवून अर्जदाराने त्या आणि त्यांचा हात स्वतः ब्रशने रंगवला. सहा रविवार, चर्चमध्ये मिस्सा आटोपून बाई येत. जन्मभर पदराखाली राहिलेला तो हात मांडीवर उघडा ठेवायला त्यांना तीन रविवार लागले.

३. परीक्षकांचा शेरा : "होड्या, पाणी उत्तम हातकाम. हात ही यंत्राची नेहमीची चूक. अपात्र." म्हणजे यंत्राचे ते मास्तरांचे ठरले आणि मास्तरांचे ते यंत्राचे.

४. आपण बोटाचा दाखला मागितला. डॉक्टर म्हणाले, कमी असल्याचा दाखला असतो, जास्तीचा नमुनाच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून अर्जदार बाईंनाच घेऊन आले. आपल्या लिपिकांनी बोटे दोनदा मोजली आणि हात फाईलला जोडता येत नाही, असे सांगितले.

५. शेरा बाईंनी तिथेच लिपिकांकडून वाचून घेतला. जिन्यात त्यांनी विचारले, "मास्तर, मंग देवानं पन चूक केली का?" हात पुन्हा पदराखाली गेला. अर्जदारास याचे फार वाईट वाटते.

सबब, बक्षीस नको, भिंतही नको. शेऱ्यातील 'चूक' हा शब्द तेवढा खोडून सहीशिक्क्याची प्रत ग्रेसीबाईंच्या नावे द्यावी. काही पुसल्याशिवाय फाईल बंद होत नसेल, तर चित्रावरील अर्जदाराची सही पुसावी. बोट पुसले जाणार नाही.

थकलेला, तरी आपला नम्र,
शां. वि. आयरे
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) चित्राचा फोटो.
२) दाखल्याऐवजी ग्रेसीबाईंच्या डाव्या हाताचा शाईचा ठसा. बाईंनी आज सकाळी हात आपणहून पुढे केला. कृपया घडी घालू नये.