वंदनाला सोडल्याचा निरोप

समोर येऊन सांगायचं होतं, समोर येऊन सांगायचं होतं, हे तू मागच्या पत्रात तीनदा लिहिलंस, आत्या. (अगोदर नमस्कार घे. गुडघे कसे आहेत? मी मजेत. फोन करत नाही, कारण तुझाबी ओट्यावर स्पीकरवरच असतो.) एक वाक्य सांगायला तिरुपूरहून शाहपूरला यायचं म्हणजे दोन दिवस गाडीत आणि आठवड्याची हजेरी कापली. आजकाल सगळे मोबाइलवरच सोडतात. माझ्या खोलीतल्या यादवने चौघींना सोडलंय.

मी वंदनाला सोडलं ते बराबरच केलं. नव्या बुटांचा फोटो पाठवला, तर तिने नुसता अंगठा पाठवला. यादव म्हणाला, ही तुला सोडणार, जो पहिले सोडेल त्याची इज्जत राहते. मोबाइलवर लिहायला माझी बोटं जाड (आणि शाळा चौथीपर्यंतची), म्हणून बोलून पाठवलं, 'वंदना, आपलं आजपासून संपलं. रडू नको. मी चांगला होतो, एवढं ध्यानात ठेव.' आवाज भारी आला होता, मी दोनदा ऐकला.

चूक फक्त टाइमाची झाली. त्यांच्या घरात फोन एकच. दुपारी तिचे वडील लीलाधरकाका जेवून आडवे झाले की तो वंदनाच्या हाती येतो, हे मला तीन वर्षांपासून पाठ आहे. पण इकडे रविवारी कारखाना बंद, सकाळी दहालाच दुपार झाल्यासारखं वाटतं. काका तेव्हा केळीच्या ट्रकजवळ. व्यापाऱ्याने भाव बोलून पाठवला असेल म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि बारा हमालांनी मला ऐकलं. तीन वर्षं कोणाला पत्ता नव्हता, संपलं तेव्हा गावाला कळलं.

तरी काका तुझ्याकडे भांडायला नाही, सोयरीक घेऊन आले. (एवढ्यांनी ऐकलंय, आता लग्नच लावून टाकू म्हणाले ना? यात माझाच मान आहे.) वंदना मात्र बापाला म्हणाली, 'मला तर त्याने सोडलंय, तुम्ही तेरा जण साक्षीला होते.' वर मला ब्लॉकबी केलं. करू दे. मी कोणाच्या मागे धावणारा नाही.

तुझा गोटू

ता.क. यादवला त्या चौघींची नावं विचारली. एकीचंबी सांगता आलं नाही.

आणखी एक. आखाजीच्या सणाला डोईफोडिया गावचे पाहुणे वंदनाला पाहायला येणार, हे तू शेवटच्या ओळीत का लिहिलंस, पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आजच तिच्याकडे जा. म्हणावं, गोटूने जे बोलून पाठवलं ते परत घ्यायला तो स्वतः येतोय, हमालांच्या समोर घेईल. आखाजीच्या दोन दिवस आधी उतरतो. दर महिन्याचे तीन हजार या खेपेला तिकिटात गेले, रागावू नको. पाठवतोय रुपये चारशे दहा.