तुमच्या परीक्षेला तिवारी बसलाय

प्रिय अहो,

आज तुमची परीक्षा.

सकाळी आंघोळ करून स्वयंपाकघरात आले आणि सवयीने दह्याचं भांडं पुढे ओढलं. दही घालायला हात कुणाचा धरू, हे मागाहून सुचलं. भांडं तसंच जाळीच्या कपाटात ठेवून दिलं आणि शाळेत रजेचा निरोप पाठवला. नाना पुढच्या खोलीत खुर्चीत पेपर उघडून बसलेत. मघापासून एकच पान वाचताहेत. मी इथे ओट्याला टेकून लिहितेय. मुंबईत पेपर सुरू झाला असेल. तुमच्या जागेवर तिवारी बसलाय.

हो, तोच तिवारी! तुमच्या ऑफिसातला सगळ्यांत लहान, ज्याला तुम्ही 'बच्चा' म्हणायचात. कंपनीने तुमचं नाव खोडून त्याचं घातलं. जागा तयार होती, माणूस तेवढा नव्हता. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण राग येतो, आणि तो काढायला घरात कुणी नाही. नानांवर काढू का, सासऱ्यांवर?

लिहायला बसले ते मात्र कालच्या गोष्टीमुळे. काल दुपारी तिवारी घरी आला. इंदूरलाच गाडीत बसायचं सोडून हा आधी बसने उज्जैनला आला, इथून गाडी पकडणार म्हणाला. मुद्दाम नमस्काराला आला होता हो. वाकला, पायांना हात लावला आणि म्हणाला, "भाभीजी, आशीर्वाद दीजिए कि पास हो जाऊँ."

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना! इतकी वर्षं वर्गातल्या पोरांना परीक्षेच्या आदल्या दिवशी तोंडभर आशीर्वाद वाटत आले, आणि काल या एकाला देता आला नाही. तो बिचारा वाकलेलाच. शेवटी नाना खुर्चीतून म्हणाले, "यशस्वी भव, बेटा." मी काय म्हणावं? "चलो, निकलो, गाड़ी छूट जाएगी." असं बोलले मी त्या पोराला!

तो पास व्हावा की नापास, हेच मला ठरवता येत नाहीये. म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही उत्तर देणार नाही हे कळतंय, तरी विचारतेय. दुसऱ्या कुणाला विचारू?

मिलच्या कॉम्प्युटर खात्यात तुम्ही पगारपत्रकं छापायचात, तेव्हा किती सुखात होतात! घरून डबा, दुपारी गप्पा, पाचला घरी. मग मिलला टाळं लागलं. तुमच्या बरोबरीच्या कुणी एसटीडीचा बूथ टाकला, कुणी नमकीनचं दुकान. तुम्ही पस्तिशी उलटल्यावर टॉवर चौकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरासोरांच्या शेजारी जाऊन बसलात. "आता बाहेरच्या कंपन्या येऊन राहिल्या, दरवाजे उघडले, आपणच आत बसून काय करायचं?" असं नानांना ऐकवलंत. इंदूरच्या कंपनीने घेतलं तेव्हा मी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. रोजचं अपडाऊन सुरू झालं, सकाळची बस, रात्रीची बस, आणि मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग एक दिवस तुम्ही ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आलात. परदेशातलं गिऱ्हाईक यापुढे काम मापून घेणार, आणि मापणारा माणूस परीक्षा पास झालेला हवा. साहेबांनी तुम्हाला निवडलं होतं. पास झालात की नोकरी पक्की.

"सॉफ्टवेअरचं माप?" मी हसले होते. "किलोवर की मीटरवर?"

केवढे चिडलात! मग पाण्याचा ग्लास बाजूला ठेवून समजावून सांगितलंत. वापरणारा माणूस त्यात काय भरतो, त्यातून काय काढून घेतो, त्याला काय विचारतो, आत काय साठवलेलं असतं, ते एकेक मोजायचं. प्रत्येकाला ठरलेले गुण. त्या बेरजेला म्हणायचं फंक्शन पॉइंट. लिहिणाऱ्याने किती घाम गाळला ते कुणी मोजत नाही. आणि परीक्षेत नव्वदच्या खाली आलं की नापास. नव्वद! आमच्याकडे तेहतीसला पोरं वरच्या वर्गात ढकलतात.

तेव्हापासून आपल्या संध्याकाळी त्या पुस्तकाच्या झाल्या. तुम्ही बसमधून उतरून घरी यायचात, पाय धुऊन भैरवगढच्या छापाची चादर घातलेल्या खाटेवर टेकायचात, आणि मी लसूण सोलता सोलता प्रश्न टाकायची. "मास्तरीण, पाणी तर पिऊ दे!" "आधी उत्तर. उभं राहून." तुम्ही खरंच उभे राहायचात. चुकलात की पुढच्या खोलीतून नाना ओरडायचे, "नापास!" रेल्वेत जन्म काढलेला माणूस, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या आवाजावरून ते निकाल लावायचे. घरात आपण तिघंच, पण त्या वेळी घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

माझं इंग्रजी ऐकून तुम्ही हसायचात. हसा. त्या हसण्यापायी माझं सगळं पुस्तक पाठ झालंय. कॉम्प्युटर कुठून चालू करतात हे मला अजून माहीत नाही, आणि डोक्यात नियमच नियम. पोळ्या लाटताना आठवतात, शाळेत फळा पुसताना आठवतात. यांचं मी काय करू? कुणाला देऊ? विसरताही येत नाहीत हो.

आणि तो एक प्रश्न! जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा असेल तर त्या कामाचं माप कसं काढायचं? नवीन घातलेलं मोजायचं, बदललेलं मोजायचं, आणि काढून टाकलेलंही मोजायचं. तुम्ही तिसरं हमखास विसरायचात. पहिली दोन खडखडीत सांगायची आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचं.

"आणि काढलेलं?"

"अगं, जे उरलंच नाही ते गिनायचं कशाला? फालतू नियम आहे."

"काढायलाही काम पडतं ना? सॉफ्टवेअर लहान होतं, पण काम वाढतं. दोन्ही हिशेब वेगळे."

"तू त्या गोऱ्यांची वकील आहेस का?"

एका रविवारी तर मी पोह्यांची बशीच अडवून धरली. आधी उत्तर, मग पोहे. तुम्ही उत्तर चुकवलंत, माझ्या हातून बशी काढून घेतलीत, वर मूठभर शेव घातलीत आणि म्हणालात, "ह्या प्रश्नाला मी सोडून येईन, पण पटल्याशिवाय लिहिणार नाही." हट्टी कुठले! एका प्रश्नाने नव्वदचे एकोणनव्वद होतात, हे ज्याला कळत नाही त्याला काय सांगायचं?

छातीत जळजळतं म्हणालात, तेव्हा मी डॉक्टरकडे जा म्हटलं. म्हटलं की नाही? "बाहेरचं खाणं आहे, ॲसिडिटी आहे, परीक्षा झाली की बघू." प्रत्येक गोष्ट परीक्षा झाली की! दाताचं दुखणं परीक्षा झाली की, नानांचा मोतीबिंदू परीक्षा झाली की, मला सिनेमाला नेणं परीक्षा झाली की. आज होतेय ना ती परीक्षा? आता या.

तुमच्या बसमधल्यांनी नंतर सांगितलं. वाटेतलं सांवेर सोडल्यावर तुम्ही खिडकीला डोकं टेकवलंत. अपडाऊनवाले सगळेच झोपतात, त्यात कुणाला काय वाटायचं? तुम्हाला थंडी वाजत असेल म्हणून शेजारच्याने काच लावून घेतली. उज्जैनला सगळे उतरले तेव्हा त्याने हलवून पाहिलं, "चलिए भाई साहब, आ गया." इतक्या माणसांत तुम्ही एकटे गेलात आणि कुणाला पत्ता लागला नाही. मी इथे प्रश्न काढून बसले होते. तुमच्या वाटेकडे डोळे लावून नव्हे, पुस्तकात डोकं घालून. पुस्तक त्या दिवशी घरी ठेवून गेला होतात ना, मी आधी वाचून ठेवावं म्हणून.

सिद्धवटाच्या घाटावर नानांनी तुमचं पिंडदान, सगळं केलं. बापाने मुलाचं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

मग सुरू झालं ते काढून टाकण्याचं काम. रेशनकार्डावरून नाव काढा, मतदार यादीतून काढा, गॅसच्या कनेक्शनवरून काढा, स्कूटरच्या कागदांवरून काढा. घर एका माणसाने लहान झालं आणि काम काही केल्या संपेना. रेशनच्या खिडकीवर तो माणूस मान वर न करता म्हणाला, "नाम कटवाना है?" मी हो म्हटलं. "कटवाना है" असं मीच माझ्या तोंडाने म्हटलं. तिथून बाहेर आले, पायरीवर बसले, आणि तुमची बाजू मला तिथे पटली. नियम बरोबर असेल हो, पण जे उरलंच नाही ते मोजायला माणसाला लावू नये. तुमच्याशी उगाच भांडले.

त्याच सुमारास तिवारी पुस्तक न्यायला आला. दारातच घुटमळला. "भाभीजी, वो कंपनी की किताब..." मी देऊन टाकलं. नाही म्हणून कोणत्या तोंडाने म्हणणार? पुढच्या रविवारी तेच पुस्तक घेऊन पुन्हा दारात उभा. "भैया कहते थे, भाभी पूछती हैं तो दिमाग़ में बैठ जाता है. थोड़ा मुझसे भी पूछ लेंगी?"

मी नाहीच म्हणणार होते. कॉलनीत काय बोलतील हेही मनात आलं. पण नाना खुर्ची ओढत मधल्या दारात आले आणि म्हणाले, "विचार तू. मी बसतो इथे. फिकर नको करू." त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. त्यांना घरात पुन्हा ते प्रश्न ऐकायचे होते.

तिवारी हुशार आहे. न सांगता उभा राहिला. मी विचारायचा अवकाश, तो उत्तर देऊन मोकळा. होता होता तो प्रश्न आला. मी सावकाश विचारला. मध्ये थांबले. त्याला चुकायला हवी तेवढी सवड दिली. आणि त्याने तिन्ही सांगितली! नवीन, बदललेलं, काढलेलं. मी आडवळणाने पुन्हा विचारला. पुन्हा बरोबर. एकदाही चुकला नाही हो तो! तुमची चूक करायला मी एवढी वाट करून दिली, आणि त्याला ती जमली नाही.

मी उठले, इथे आत आले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेरून त्याचा आवाज आला, "नानाजी, मैंने कुछ ग़लत कहा क्या?"

"नहीं बेटा," नाना म्हणाले. "सही कहा, इसीलिए."

तरी तो दर रविवारी येत राहिला. येताना नानांची औषधं इंदूरहून आणतो, त्यांना तिथला पेपर वाचून दाखवतो. त्याचा काय दोष? तो पास झाला तर नोकरी त्याची पक्की, आणि तुमची जागा कायमची भरली. मग ऑफिसात तुमचं नाव कशाला निघेल? नापास झाला तर आपल्या सगळ्या संध्याकाळी पाण्यात गेल्या, आणि त्या पोराचं नुकसान झालं ते वेगळंच. सांगा, यातलं काय मागू? एवढे नियम पाठ आहेत, याला एकही लागू पडत नाही.

इतकं लिहून झालं आणि ऊन ओट्यावरून खाली उतरलं. म्हणजे पेपर संपत आला असेल. मी उठले, पुढच्या खोलीत गेले, आणि खिडकीशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, "यशस्वी हो!"

नानांनी पेपर खाली केला. "कुणाला म्हणालीस?"

खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "ह्यांना."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले.

आता एक वचन देते. निकाल टपालाने येतो, बराच वेळ लागतो म्हणे. तिवारी पास होऊन पेढे घेऊन आला, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून कालचा राहिलेला आशीर्वाद देईन, आणि तू पास झालास असं त्यालाच म्हणेन. नापास झाला तर दर रविवारी पुन्हा त्याला प्रश्न विचारेन. काहीही झालं तरी, तुम्ही या परीक्षेला बसलाच नव्हतात, हे मी मान्य करेन. रडणार नाही असं मात्र कबूल करत नाही.

पण हे सगळं उद्यापासून. आज नको ना हो. आज तेवढी तुमची परीक्षा असू द्या.

तुमची,
वसुधा