अब्बांनी उसवलेली गादी

लोणार, १२ डिसेंबर २००९

प्रिय मित्र हिंमतराव यास,

अकील पिंजाऱ्याचा सलाम, वहिनींना नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल. अब्बा तर आमच्याहून जास्त खुशाल, कारण काळजी करायची असते हेच त्यांना आठवत नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, मला एक विद्या प्राप्त झाली आहे. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांसाठी बुलढाण्याला एका बाईंनी वर्ग घेतला. (तुझ्या समीनावहिनीने ढकलून पाठवले. एका सकाळी अब्बांनी चौदा वेळा चहा झाला का म्हणून विचारले आणि पंधराव्या वेळी मी त्यांच्यावर ओरडलो. ते घाबरून माझ्याकडे परक्यासारखे बघत राहिले. फार वाईट वाटले मला.) बाई म्हणाल्या, रोज दहा मिनिटे डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, आवाज आला तर नुसता ऐका आणि सोडून द्या. सगळ्या वर्गात मीच पहिला आलो. (परीक्षा नव्हती, पण दिसतेच ना!)

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. चर्र असा आवाज आला. ऐकला, सोडून दिला. पुन्हा चर्र. तोही सोडून दिला. आयुष्यात मन इतके शांत कधी झाले नव्हते. डोळे उघडले, तर अब्बांनी एका गिऱ्हाइकाची तयार गादी पार उसवली होती आणि कापसाच्या ढिगात बसून चिमटीत कापसाचा धागा ओढून बघत होते. “धागा लांब आहे. गोळे होतीन याचे. कोनं भरली बे हे?” मीच भरली होती. (बीटीचे लांब धाग्याचे बियाणे आल्यापासून आखूड धाग्याचा देशी कापूस मिळतो कुठे? पण हे त्यांना कोण सांगणार.)

हिंमत, माझे नाव त्यांना येत नाही, पण कापूस येतो! त्यांनी तो सगळा पुन्हा हाताने मोकळा केला, गादी भरली आणि सुई मागितली. दोन दिवस मी दोरा ओवून देत होतो, ते टाके घालत होते. चहा एकदाही विचारला नाही. माझे लक्षही दुसरीकडे गेले नाही, श्वास तर मी पार विसरलो. शेवटी म्हणाले, “दोरा चांगला देतं तू. कोनाचा पोरगा?”

मी म्हणालो, खुर्शीद पिंजाऱ्याचा.

“मंग बरोबर आहे,” म्हणाले. त्या दिवसापासून मी छाती काढून गावात फिरतो आहे.

मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
अकील

ता. क. ती गादी तुझ्या इराच्या लग्नाची होती. एका कडेला टाके जरा तिरपे आहेत.

आणखी एक. गादी न्यायला तूच ये, माणूस पाठवू नकोस. अब्बा रोज विचारतात, “उकंडराव कवा येते?” तुझे वडील जाऊन आठ वर्षे झाली हे मी एकदा सांगितले, तर दिवसभर रडले. आता सांगणार नाही. तुझा चेहरा त्यांच्यासारखाच आहे, फक्त त्यांच्यासारखी टोपी घालून ये. काका दरवेळी करायचे तसा गादीवर आडवा हो आणि “कडक झाली, खुर्शीदभाई” म्हण. ते तुला शिव्या देतील. फार दिवसांत त्या ऐकल्या नाहीत रे.