मूत्रपिंड खोटं बोलत नाही

२ मार्च

डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान. मला म्हणे, आजी, मीठ बंद. आजी! मी काय नातवंडं घेऊन गेले होते हिच्या दारात? हृदय कमजोर आहे, रक्त नीट ढकलत नाही, पायाला सूज त्यामुळेच, असं सांगून एक गोळी लिहून दिली. घेतली नाही. कशाची गोळी ते वाचल्याशिवाय मी काही गिळत नाही. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलेलं नाही.

४ मार्च

ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं. सगळं समजलं. मूत्रपिंडाकडे रक्त कमी आलं की ते हाक मारतं. त्याच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. ती हाक ऐकून अल्डोस्टेरॉन सोडते. मग मीठ लघवीतून वाया जात नाही, परत रक्तात घेतलं जातं, आणि मिठामागून पाणी येतं. मध्ये दोन-तीन निरोपे आहेत, त्यांची नावं उद्या पाठ करीन.

म्हणजे माझं शरीर जीव तोडून मीठ साठवतंय आणि ही मुलगी म्हणते बंद! आणि ती गोळी? अल्डोस्टेरॉनला दारातच अडवणारी. वाचून डोकं तापलं. ह्यांच्या वेळीही डॉक्टर असेच भराभर बोलायचे आणि आम्ही दोघं माना डोलवायचो. आता नाही.

निश्चय: शरीर मागेल ते द्यायचं. उकडलेला बटाटा, वर सढळ मीठ.

५ मार्च

निरोप्यांत रेनिन तेवढं पाठ झालं. बटाटा झकास.

९ मार्च

शिवायला बसले तर पायडलवर पाय जड. टेपने घोटा मोजला. वाढलेला दिसला. टेप जुनी, कापडी; धुऊन आखडली असणार. गिऱ्हाइकं ड्रेस घट्ट झाला की कापड आटलं म्हणून भांडतात. मी तोंडावर सांगते, कापड आटलं नाही, बाई, तुम्ही सुटलात. पण टेपची गोष्ट वेगळी.

नवीन टेप आणली. तीही त्याच दुकानातली, आखडलेलीच.

१२ मार्च

लेक आली. आल्या आल्या मिठाची बरणी वरच्या फळीवर. म्हणे, आई, पाय बघ, उशा झाल्यात. मी म्हटलं, माझं मूत्रपिंड मला बरोबर ओळखतं. म्हणे, मग आजारी पडलीस की त्यालाच फोन कर. वर पेपरावर घसरली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, शब्दकोडं कोण सोडवतं, बंद का करत नाहीस? कुणी मागत नाही म्हणून बंद करायचं? जोरात बोलले. चहा न घेता गेली. खुशाल जाऊ दे.

स्टुलावर चढून बरणी काढली. धाप लागली. रागाने लागते.

१७ मार्च

अंगठी रुतली. साबण झाला, तेल झालं. बोट फुगलेलं, अंगठी दिसेना. कित्येक वर्षांत ती बोटातून निघालेली नाही. पण निघत नाही म्हटल्यावर घाबरले. सोनाराने बोट पाहिलं आणि कातर काढली. हात खेचून घेतला आणि तडक दवाखान्यात.

डॉक्टरीण म्हणे, आजी, मूत्रपिंड खोटं बोलत नाही, त्याची फसगत झालीये. अंगात पाणी मुबलक आहे, पण हृदय रक्त पोचवत नाही, म्हणून त्याला वाटतं दुष्काळ पडला. ते ओरडतं, ग्रंथी मीठ धरून ठेवते, पाणी आणखी वाढतं, हृदय आणखी दमतं. आणि तुम्ही वरून मीठ ओतताय! बोट निळं पडलं तर अंगठी ताबडतोब कापायची. नाहीतर ही गोळी, लघवीची दुसरी गोळी, हात उशीवर उंच, आणि उद्या दाखवायला यायचं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर हे सगळं छापलंय. ते पान आधी कुणीतरी चिकटवून ठेवलं असणार.

गोळ्या घेतल्या. अंगठीसाठी. हृदयाशी माझं काही देणंघेणं नाही.

२० मार्च

अंगठी हलते. बटाटा अळणी, तोंडात माती. चिडून लेकीला फोन केला. ती हसली. मग रडली. मी फोन ठेवून दिला.

२८ मार्च

भांडी घासताना अंगठी आपोआप गळून पडली. मोरीला जाळी होती म्हणून वाचली. फरशीवर बसून डॉक्टरणीला, लेकीला, पुस्तकाला, मूत्रपिंडाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग ह्यांनाही.

अंगठीला आतून दोरा गुंडाळला. लग्नानंतर पहिली काही वर्षं असाच गुंडाळत होते. ह्यांनी मुद्दाम मोठी आणलेली, पुढे बसेल म्हणाले होते. पुढे बसली. त्याच्याही पुढचं काही सांगितलं नव्हतं.

गोळी घेतली. घोटा मोजला. टेप आखडलेली नव्हती.