अंगठ्याला लागलेली शाई

लातूर, मंगळवार संध्याकाळ

समाजकार्याची पदवी करणारी ती पोर आज तिसऱ्यांदा आली. भूकंपातल्या विधवेवर अहवाल लिहायचा, त्यावर तिचे गुण. गल्लीतल्या बाकी पोरी डॉक्टर व्हायला क्लासला पळतात, हिला मी सापडले. लिहिलेला अहवाल पुढं ठेवून, सही येते का हे न विचारताच तिनं माझा अंगठा शाईत दाबला. घासला तरी शाई अजून आहेच.

"द्या की अंगठा, मावशी. उद्या मॅडमला दाखवायचंय."

"थांब, वाचून घेते."

"तुम्हाला वाचता येतंय व्हय?"

चारही पानं वाचली. 'मन बधिर झाले आहे.' कुणी सांगितलं हिला? नवऱ्याच्या नावाची जागा कोरी. तीनदा आली, त्यांचं नाव विचारलं नाही. त्या जागेत मी 'विचारले नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.